समोरचा दवाखाना

"टायर डावीकडनं आलं आन् तुम्ही उजवीकडं बघत बसला! मेलात तुम्ही, आप्पा. शारजात आत्ता मेलात."

बद्रुद्दीनचाचांनी सोडलेलं जीपचं जुनं टायर कोंडिबाआप्पांच्या गुडघ्याला घासून पुढे गेलं आणि पत्र्याच्या कुंपणावर आपटून आडवं झालं.

"जिभंला काही हाड?" आतून हसीनाचाची कडाडल्या. "त्यांचं पोर तिकडं दवाखान्यात पडलंय, आन् ह्यांचं मेलात मेलात चाललंय."

चाचांनी कान धरले. टायर पुन्हा उभं केलं, लंगडत डाव्या टोकाला नेलं. "चला, परत एकदा. चूक झाली, तोंड खराब हाय माझं. पण आप्पा, डावीकडं. आधी डावीकडं."

आप्पांनी धोतराचा सोगा खोचला आणि पुन्हा चुन्याच्या रेघेपाशी जाऊन उभे राहिले. ती रेघही चाचांनीच मारली होती. शिरूरला पुणे-नगर रस्त्याला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत सकाळपासून हा अभ्यास चालला होता.

खाटेवर बसून सीमा बघत होती. मांडीवर आठ महिन्यांची सुजाता. टायर घरंगळलं की सुजाता दोन्ही हात उडवून खिदळायची. तिला वाटत होतं, सगळं तिच्यासाठीच चाललंय.

सुजाताचे वडील, म्हणजे सीमाचा नवरा आणि आप्पांचा एकुलता एक मुलगा सतीश, शारजाला बांधकामावर वेल्डर होता. दहा दिवसांपूर्वी तो परांचीवरून पडला. तेव्हापासून शुद्धीवर नव्हता. कंपनीनं एकाच माणसाचं तिकीट पाठवलं होतं. सीमाकडे पासपोर्ट नव्हता, आणि अंगावर पिणारं मूल होतं. आप्पांकडे पासपोर्ट होता. गेल्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा सतीशनंच काढून दिला होता. "तुम्हाला एकदा इमानात बसवतो, आप्पा. आगगाड्या लई बघितल्या."

चाचांचा मुलगा मुजीब सतीशच्याच खोलीत राहायचा. त्या नात्यानं चाचांनी सगळी सूत्रं हातात घेतली होती. ते स्वतः बारा वर्षं शारजात पाण्याचा टँकर चालवून आले होते. तिथला एकेक रस्ता त्यांना पाठ होता.

"मुजीब म्हणला, दवाखाना खोलीच्या समोरच हाय," आप्पा म्हणाले. "मधी फकस्त रस्ता."

"फकस्त म्हणू नका. तीन पदर जायला, तीन यायला. मधी लोखंडी जाळी. गाडी शंभरच्या खाली न्हाई. आपल्यागत म्हस आडवी गेली म्हणून कोण थांबत न्हाई तिथं. खांबावर माणसाचं चित्र असतंय. लाल असलं की थांबायचं. हिरवं झालं की चालायचं. हिरवा माणूस दिसल्याबगर पाय खाली टाकायचा न्हाई. न्हाईतर एक तर गाडी उडवती, न्हाईतर पोलीस उचलतो."

आप्पा पहिल्यांदाच हसले. "चौतीस वर्षं लोकांना मी हेच सांगत आलो, चाचा. ह्यात मला काय शिकवता?"

ते खरं होतं. आप्पा रेल्वेत गेटमन होते. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लाइनीवर, उसाच्या फडांमध्ये त्यांचं गेट. एक खोली, एक कडुलिंब, एक फोन. स्टेशनातून फोन आला की नंबर लिहून घ्यायचा, हँडल फिरवून गेट पाडायचं, कुलूप घालायचं, झेंडी घेऊन उभं राहायचं. गेटापलीकडे उसाच्या गाड्या तुंबत, वऱ्हाडाचे टेंपो हॉर्न वाजवत, मोटरसायकलवाले आईबहिणीवरून शिव्या देत. आप्पा उलटून बोलत नसत. गाडी गेल्याशिवाय गेट उघडत नसत. एकदा एका जीपवाल्याला घाई झाली, तो खाली उतरून स्वतःच हँडल फिरवायला गेला. आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"ज्याची ड्युटी, त्याचाच हात. तुमचा न्हाई. साहेब आला तरी साहेबाचा न्हाई."

आणि हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. शेजारच्या गेटवर त्यांचा जुना सोबती सोपानराव असायचा. त्याच्याकडे कधी गेले आणि तो चुलीपाशी गुंतलेला असला, तरी आप्पा त्याच्या गेटाच्या हँडलाला, फोनाला, कशालाच बोट लावत नसत. सोपानराव येईपर्यंत उभे राहत. सतीश लहानपणी चिडवायचा, "आमचं आप्पा दुसऱ्याच्या दारची कडीसुदीक वाजवत न्हाईत."

दुपारपर्यंत आप्पा सात वेळा टायरापासून वाचले. चाचांनी त्यांना पास केलं. हसीनाचाचींनी डब्यात खजूर भरून दिले आणि मग त्यांना आठवलं, की खजूर तिकडेच पिकतात. त्या हसल्या आणि लगेच डोळ्याला पदर लावला.

दौंडला घरी परत जाताना जीपमध्ये सीमानं विचारलं, "आप्पा, त्यांनी डोळं उघडलं तर काय सांगाल?"

"काय सांगू?"

"सुजाताला दोन दात आलेत म्हणून सांगा. खालचे." तिनं पोरीच्या ओठाखाली बोट सरकवून दाखवलं. "दुसरं काय न्हाई सांगितलं तरी चालंल. त्यांनी तिला बघितलीच न्हाई अजून. येवढं सांगा."

"सांगतो," आप्पा म्हणाले.

*

मुजीब चांगला पोरगा होता. विमानतळावर त्यानं आप्पांना मिठीच मारली. पहिले दोन दिवस त्याची सुट्टी होती. भेटायची वेळ रोज चार ते पाच. खोलीतली चार-पाच पोरं मिळून निघत, मुजीब आप्पांचा दंड धरी. आप्पा चाचांनी शिकवलं होतं तसं डावीकडे बघत. गाड्या खरंच डावीकडूनच येत, आणि टायरापेक्षा फार जोरात. मग कधीतरी हिरवा माणूस लागे, पोरं निघत, त्यांच्याबरोबर आप्पाही. जाळीतल्या फटीतून पलीकडे, समोर दवाखाना.

सतीशच्या तोंडात नळी होती. डोकं पांढरं गुंडाळलेलं. आप्पा त्याच्या पायापाशी उभे राहत. पाय मात्र त्याचेच होते, त्याच्या आईसारखे, अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्या बोटाला हात लावला, तर बोट हललं.

केरळची नर्स होती. ती हिंदीत म्हणाली, "कल ट्यूब निकालेंगे, बाबा. सुबह से आँख खोल रहा है. कल शायद बात करेगा. आप आना."

मुजीब नाचायचाच बाकी होता. पण रस्त्यावर येईपर्यंत त्याचा चेहरा उतरला. "आप्पा, उद्यापासनं ड्युटी हाय. पोरंबी सगळी साइटवर. तुम्ही एकटं जाल ना?"

"समोर तर हाय. न जायला काय झालं?"

"हिरवा माणूस..."

"लागल्याबगर पाय खाली टाकत न्हाई. तुझ्या बापानं घोटून घेतलंय."

त्या रात्री दौंडला शेजारच्या दुकानात फोन आला. सीमा धावत गेली. आप्पा ओरडूनच बोलत होते, समुद्रापलीकडे ऐकू जायला हवं म्हणून. "नळी काढणार हायत उद्या! बोलंल म्हणली बाई! दाताचं सांगतो मी!"

*

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दाढी केली. पांढरा सदरा घातला. साडेतीनला निघाले, अर्धा तास आधी. जुलैचं ऊन होतं. फुटपाथवर चिटपाखरू नव्हतं. दुकानांची दारं बंद, काचेच्या आत गार हवा. त्या शहरात दुपारी पायी चालणारा माणूस म्हणजे आप्पाच.

खांबापाशी येऊन ते उभे राहिले. समोर लाल माणूस.

गाड्या जात होत्या. आप्पा थांबले. गाडी येणार असली की गेट बंदच राहणार, त्यात नवल ते काय? पाच मिनिटं झाली, दहा झाली. आप्पांना वाटलं, रहदारी फार आहे, म्हणून सोडत नसतील. कुठंतरी केबिनमध्ये कुणीतरी माणूस बसला असेल, त्याच्यापुढे फोन असेल, नंबर लिहायची वही असेल. त्याला दिसत असेल आपण उभे आहोत ते. त्याला घाई करून उपयोग नाही. आपल्यालाही लोक हॉर्न मारायचे. म्हणून आपण कधी गेट उघडलं का?

खांबावर छातीएवढ्या उंचीवर एक पिवळं डबडं होतं. त्यावर पैशाएवढं काळं बटण. आप्पांनी ते बघितलं होतं. नीट बघितलं होतं. सिग्नलचं यंत्र आहे, हे त्यांना बघताक्षणी कळलं, आणि म्हणूनच ते त्याच्यापासून एक पाऊल बाजूला सरकून उभे राहिले. चुकून कोपर लागायला नको.

चार वाजले.

सदरा पाठीला चिकटला. आप्पांनी एकदा पाय खाली टाकला. कुठूनशी एक पांढरी गाडी भोंगा वाजवत अंगावर आली, वाऱ्यानं टोपी उडाली. आप्पा मागं झाले. टोपी उचलून झटकून पुन्हा घातली.

एक टॅक्सी थांबली. आप्पांनी दवाखान्याच्या नावाची चिठ्ठी दाखवली. पठाण ड्रायव्हर हसला. "चाचा, ये तो सामने है! इसके लिए टॅक्सी? बत्ती हरी होगी, चले जाना." आणि निघून गेला.

बत्ती हरी होगी. म्हणजे आपलं बरोबर आहे. आप्पांना धीर आला. सगळं नियमानं चाललंय, फक्त वेळ लागतोय.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. समोर तिसऱ्या मजल्यावर डावीकडून पाचवी खिडकी सतीशची. उन्हात ती नुसती चकाकत होती. आता नळी काढली असेल. आता बघत असेल दाराकडे. आप्पा ओठातल्या ओठात घोकू लागले, दोन दात आलेत, खालचे. दोन दात आलेत. खाली रस्ता वाफाळत होता. लाल माणूस हात खाली सोडून जागच्या जागी उभा होता, जणू तोही कुणाची तरी वाट बघतोय.

पाचला पाच कमी असताना आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या ड्युटीत तोंड घातलं. त्या केबिनवाल्याला, जो नव्हताच, त्यांनी मोठ्यानं हाक मारली. "ओ मास्तर! सोडा की! माझं पोरगं हाय तिकडं!"

गाड्यांच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाही.

पाच वाजून गेल्यावर एक झाडूवाला आला. बंगाली असावा. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर झाडू. त्यानं आप्पांकडे बघितलंही नाही. चालता चालता त्यानं कोपरानं ते काळं बटण दाबलं आणि बाटली तोंडाला लावली. त्याचे चार घोट पिऊन होईपर्यंत हिरवा माणूस लागला. सहाही पदर थांबले. झाडूवाला चालायला लागला. थोडं पुढं जाऊन त्यानं मागं वळून बघितलं, म्हातारा अजून तिथंच का उभा आहे म्हणून.

आप्पा पलीकडे पोचले, तोवर तिसऱ्या मजल्यावरचं दार बंद झालं होतं. केरळची नर्स ड्युटी संपवून गेली होती. दुसरी होती, तिला हिंदी येत नव्हतं. तिनं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि चार बोटं वर केली. उद्या, चार. आप्पांनी हात जोडले. तिनंही मान लववली. दाराला बारीक काच होती, तिच्यातून पडदा तेवढा दिसत होता. पडद्याखाली पलंगाचं चाक.

परतताना या बाजूच्या खांबावरही तसंच डबडं होतं. आप्पांनी तर्जनी पुढे केली, मागे घेतली, मग दाबलं. अर्ध्या मिनिटात सगळा रस्ता त्यांच्यासाठी थांबला. एवढ्या गाड्या, एवढी माणसं, काचेआडून त्यांच्याकडे बघत होती. आप्पांचा पाय उचलेना. हिरवा माणूस लुकलुकला आणि गेला. गाड्या सुटल्या.

त्यांना पुन्हा दाबावं लागलं.

मुजीब रात्री आला. "भेटला का? बोलला का?"

"येळ संपली व्हती," आप्पा म्हणाले. "उद्या."

पहाटे दवाखान्यातून फोन आला.

*

सतीशला मुंबईहून गाडीतून दौंडला आणलं. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. रेल्वेतली जुनी माणसं झाडून आली. शिरूरहून चाचा-चाची आले, पण गर्दीत कुणाचं कुणाशी बोलणं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा ओट्यावर बसले होते. सीमा सुजाताचा लंगोट पिळत होती. पिळता पिळता, वर न बघता तिनं विचारलं, "दाताचं सांगितलं का?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आप्पा, नळी काढली त्या दिवशी. तुम्ही फोनवर म्हणला व्हता. डोळं उघडलं का त्यांनी? दाताचं..."

"मी गेलोच न्हाई, सीमा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. डबडं कुठल्या उंचीवर होतं, तेही सांगितलं. टॅक्सीवाला सांगितला, झाडूवाला सांगितला. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, कुणाची तरी ड्युटी असंल."

सीमाच्या हातातला लंगोट तसाच राहिला. पाणी टपकत होतं. 

"एक बोट, आप्पा," ती म्हणाली. "दीड तास. एक बोट लावायचं व्हतं."

"व्हय."

"त्यांनी दाराकडं बघितलं असंल."

"व्हय, बाळा."

त्यानंतर सीमा त्यांच्याशी बोलली नाही. चहा ठेवायची, ताट ठेवायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत जायची. सुजाता रांगत त्यांच्याकडे जाई, त्यांच्या अंगठ्याला दात लावून बघे. दोनाचे आता तीन झाले होते. सीमा तिला अडवायची नाही, पण हाकही मारायची नाही. आप्पा पोरीला उचलत नसत. ती कंटाळून निघून जाईपर्यंत पाय हलवत नसत.

आठव्या दिवशी बद्रुद्दीनचाचा एकटेच आले. दाढी वाढलेली. दारातच चपला काढता काढता त्यांना हुंदका आला. सीमानं दोघांची ताटं वाढली. भात, आमटी, मेथीची भाजी, भाकरी. चाचा पाटावर बसले, पण ताटाकडे बघेनात.

"आप्पा, एक इचारतो. आठ दिस झालं, पाठ टेकवत न्हाई मला. मुजीब म्हणला, त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला. भेट हुकली." त्यांनी घसा खाकरला. "रस्त्यानं झालं का? माझ्या शिकवण्यात काय ऱ्हायलं का? बघा, मी बारा वर्षं तिथं काढली खरी, पण सगळी टँकरवर बसून. पायी रस्ता मी एकदाबी वलांडला न्हाई, आप्पा. परवा ध्यानात आलं माझ्या. रात्री उठून बसलो. म्हणलं, ह्या माणसाला आपण काय शिकवलं, आन् कुठल्या तोंडानं शिकवलं?"

आमटीची पळी हातात घेऊन सीमा चुलीपाशी उभी होती. आप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"न्हाई, चाचा. रस्ता तुम्ही सांगितला तसाच व्हता. डावीकडनंच गाड्या. हिरवा माणूस. सगळं तसंच."

"मग?"

"झोपलो मी."

चाचांनी मान वर केली.

"जेवण झालं, जरा आडवा झालो. डोळा लागला. उठलो तवा पाच वाजत आलं व्हतं." आप्पांचा आवाज सरळ होता, स्टेशनात फोनवर नंबर सांगावा तसा. चौतीस वर्षांत रात्रपाळीलाही ज्याची पापणी लवली नव्हती, तो माणूस हे सांगत होता. "म्हातारपण, चाचा. झोपलो."

चाचांनी डोळे मिटले. छातीतली हवा हळूहळू सोडली. म्हणाले, "या अल्ला. असंबी व्हतं माणसाचं. त्याला काय इलाज?" आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, एखाद्या चुकलेल्या पोराच्या खांद्यावर ठेवावा तसा. मग भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास त्यांच्या घशात अडकला, दुसरा गेला. आठ दिवसांची भूक होती.

सीमा पुढे आली. चाचांना आमटी वाढली. मग आप्पांच्या ताटापाशी थांबली. पळी तशीच धरून उभी राहिली. आणि त्यांच्या गार भातावर तिनं कढत आमटी वाढली.

आप्पांनी भात कालवला. पण घास उचलला नाही. चाचांचं जेवण होईपर्यंत ते तसेच, मान खाली घालून, बोटं भातात ठेवून बसून राहिले.